‘वयामुळे रिसेप्टर घटले’: या तीन शब्दांवर टीका कशी करायची?

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रसंग येऊ शकतो, त्याची तयारी ठेवा. समोर एखाद्या पेपरमधली आकृती ठेवतात आणि विचारतात, "यात तुम्हाला काय खटकतं?" एमएस्सीपर्यंत आपल्याला पेपर समजून घ्यायला शिकवतात, खटकायला कुणी शिकवत नाही. मग "सॅम्पल साइझ कमी वाटते" एवढं बोलून आपण गप्प बसतो. टीका म्हणजे चुका काढणं नाही. लेखकांनी मोजलं काय आणि म्हटलं काय, या दोन्हींतलं अंतर मोजणं म्हणजे टीका. आज ते एका विषयावर करून बघू.

विषय असा: तरुण उंदीर घ्या, म्हातारे उंदीर घ्या, त्यांचं प्रोस्टेट, वृषण, गर्भाशय किंवा अंडाशय काढा आणि त्यात हॉर्मोनचे रिसेप्टर किती आहेत ते मोजा. निष्कर्षात बहुधा एक वाक्य असतं: वयामुळे रिसेप्टर घटले. माझं मत सुरुवातीलाच सांगते. अशा पेपरांत ‘घटले’ हा शब्द बरेचदा बरोबर असतो. ‘रिसेप्टर’ हा शब्द तपासून घ्यावा लागतो. आणि ‘वयामुळे’ हा शब्द अनेकदा कमावलेलाच नसतो.

आधी थोडी उजळणी. हॉर्मोन रक्तातून सगळीकडे फिरतं, पण ज्या पेशीत त्याचा रिसेप्टर आहे तीच पेशी त्याला उत्तर देते. म्हणून ‘म्हातारपणी अवयव का मंदावतो’ या प्रश्नाची दोन उत्तरं संभवतात. एक, हॉर्मोन कमी पडलं. दोन, हॉर्मोन आहे पण ऐकणारं कुणी उरलं नाही. दुसरं उत्तर खरं असेल तर बाहेरून हॉर्मोन देऊन फार उपयोग नाही. रजोनिवृत्तीनंतरचे उपचार असोत किंवा उतारवयातल्या पुरुषांना दिलं जाणारं टेस्टोस्टेरॉन, हा फरक थेट माणसांपर्यंत पोचतो. त्यामुळे उंदरांच्या या आकड्यांकडे ‘असेल बाबा’ म्हणून सोडून देता येत नाही.

या विषयाला बराच इतिहास आहे. १९७३ साली शेन आणि अ‍ॅक्सलरॉड यांनी ‘स्टेरॉइड्स’ या जर्नलमध्ये लिहिलं, की वय वाढतं तसं रॅटच्या वेंट्रल प्रोस्टेटमध्ये डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन धरून ठेवण्याची रिसेप्टरची क्षमता कमी होते. १९७५ साली बनारस हिंदू विद्यापीठातल्या कानुनगो, पटनाईक आणि कौल यांचा छोटासा पेपर ‘नेचर’मध्ये आला. त्यांनी म्हाताऱ्या रॅटच्या मेंदूत इस्ट्राडायॉलचे रिसेप्टर घटल्याचं दाखवलं. मेंदू हा काही प्रजननाचा अवयव नाही, पण प्रजननाची सूत्रं तिथूनच हलतात. सत्तरच्या दशकातल्या भारतीय लॅबमधून असं काम होणं ही मोठीच गोष्ट होती. या दोन्ही पेपरांनी प्रश्न नीट मांडला. आपला आक्षेप त्यांच्यावर नाही. पुढे तोच साचा वापरून, नवी यंत्रं जोडून, पण जुने प्रश्न न विचारता जे काम होत राहिलं त्यावर आहे.

आता एकेक शब्द घेऊ.

‘रिसेप्टर’: नक्की काय मोजलं?

जुन्या पद्धतीत टिश्यू दळून त्यात किरणोत्सारी हॉर्मोन घालत आणि किती चिकटलं ते मोजत. यातली गोची अशी, की हे हॉर्मोन सहजपणे रिकाम्या रिसेप्टरलाच चिकटतं. जो आधीच शरीरातल्या हॉर्मोनने भरलेला आहे, तो मोजणीतून निसटतो. आमच्या कळव्याचं उदाहरण देते. सकाळी प्लॅटफॉर्मवरची गर्दी मोजून कुणी म्हणालं की कळव्याहून इतकेच लोक प्रवास करतात, तर ते चूक आहे. कारण काही मंडळी कारशेडमधूनच गाडीत बसून आलेली असतात. तुम्ही प्लॅटफॉर्म मोजला, प्रवासी नाही.

ही अडचण तेव्हाच्या लोकांना माहीत होती. म्हणून नर उंदरांत वृषण काढून साधारण एक दिवस थांबत, म्हणजे रक्तातलं टेस्टोस्टेरॉन उतरेल आणि रिसेप्टर रिकामे होतील. तुम्ही जुना पेपर वाचताना पद्धतींच्या भागात ही ओळ शोधा. नसेल तर विचार करा, की चूक कोणत्या दिशेला जाईल. म्हाताऱ्या उंदरात टेस्टोस्टेरॉन कमी, म्हणून रिकामे रिसेप्टर जास्त. म्हणजे इथे खरी घट उलट झाकली जाईल. टीका करताना प्रत्येक त्रुटी लेखकाच्या विरोधातच जाते असं नाही. दिशा सांगता आली, तर समोरच्याला कळतं की तुम्ही खरंच विचार केलाय.

मग अँटीबॉडी आल्या आणि सगळ्यांना वाटलं प्रश्न सुटला. स्लाइडवर तपकिरी रंग दिसला की रिसेप्टर आहे. पण रंग दिसणं आणि रिसेप्टर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याचं सगळ्यात बोचरं उदाहरण इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटाचं. हा रिसेप्टर १९९६ साली स्वीडनमध्ये क्युपर, गुस्ताफसन आणि सहकाऱ्यांनी शोधला, आणि तोही रॅटच्या प्रोस्टेटमधून. तोवर इस्ट्रोजेनचा केंद्रकातला रिसेप्टर एकच आहे असं समजत होते. पुढच्या वीस वर्षांत बीटा कुठे आहे, वयाप्रमाणे कसा बदलतो, कर्करोगात काय होतो, यावर ढिगाने पेपर निघाले. २०१७ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये स्वीडनमधल्याच संशोधकांनी बीटासाठी वापरल्या जाणाऱ्या १३ अँटीबॉडी तपासल्या. मानवी टिश्यूच्या स्लाइडवर त्यातली फक्त एकच नेमकेपणाने बीटाला ओळखत होती. आणि ती फारशी कुणी वापरत नव्हतं.

थोडं थांबून याचा अर्थ लावा. ज्या पेपरांत बाकीच्या अँटीबॉडी वापरल्या, त्यातला ‘बीटा घटला’ हा निष्कर्ष चूकच आहे असं सिद्ध होत नाही. पण तो बरोबर आहे हे मानायला आपल्याकडे आधारही उरत नाही. म्हणून पेपर हातात आला की अँटीबॉडीचा क्लोन किंवा कॅटलॉग नंबर बघा. ज्या उंदरात तो जीनच काढून टाकलाय, त्याच्या टिश्यूवर रंग येत नाही हे दाखवलंय का ते बघा. मानवी प्रथिनासाठी बनवलेली अँटीबॉडी रॅटवर चालते का, याचा वेगळा पुरावा मागा. नुसतं ‘आधीच्या अभ्यासांत वापरली आहे’ हे उत्तर नव्हे.

‘घटले’: कशाच्या तुलनेत?

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे भागाकारातला छेद. रिसेप्टर दर ग्रॅम टिश्यूमागे मोजले, की दर मिलिग्रॅम प्रथिनामागे, की दर डीएनएमागे, म्हणजे साधारण दर पेशीमागे? वयाबरोबर अवयवाची घडणच बदलते. ग्रंथींचं अस्तर आक्रसतं, मधे तंतुमय टिश्यू वाढतो, गर्भाशयात कोलॅजेन साठतं.

एक काल्पनिक हिशेब करू, मुद्दाम सोपा केलेला. तरुण उंदराच्या अवयवातल्या १०० पेशींपैकी ४० पेशींत रिसेप्टर आहेत, प्रत्येकीत १०,०००. एकूण ४ लाख. म्हाताऱ्यात १०० पैकी २०च पेशी तशा उरल्यात, पण प्रत्येकीत रिसेप्टर तितकेच, १०,०००. एकूण २ लाख. सगळं दळून वेस्टर्न ब्लॉट केलात तर पट्टी निम्मी फिकी दिसणार. तुम्ही लिहिणार, ‘रिसेप्टर ५० टक्क्यांनी घटले’. खरं तर एकाही पेशीतला एकही रिसेप्टर घटलेला नाही. घटल्या त्या पेशी. दोन्ही गोष्टी म्हातारपणाच्याच आहेत, पण जीवशास्त्र वेगळं आणि उपायही वेगळा.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये आणखी एक छेद लपलेला असतो, बीटा-अ‍ॅक्टिन. त्याच्याशी भागायचं ही रीतच पडलीय. पण अ‍ॅक्टिन स्नायूपेशींत आणि तंतुमय टिश्यूत वेगवेगळ्या प्रमाणात असतं. टिश्यूची घडण बदलली की अ‍ॅक्टिनही हलणार. मोजपट्टीच ताणली जात असेल तर तिने घेतलेल्या मापाला काय अर्थ? एकूण प्रथिनाचा स्टेन दाखवलाय का ते पाहा. आणि आकडे दळलेल्या टिश्यूचे असतील तर सोबत स्लाइड आहे का, कोणत्या पेशीत काय झालं ते दिसतंय का, हे विचारा.

इथेच ‘एन’चाही हिशेब येतो. ५ उंदीर, प्रत्येकाच्या १० स्लाइड, आणि आकृतीखाली ‘एन = ५०’. हे चालत नाही. म्हातारा होतो तो उंदीर, स्लाइड नाही. एन पाचच.

‘वयामुळे’: खरंच वय?

आता मुख्य शब्द. मादी उंदरांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो.

रॅटचं इस्ट्रस चक्र ४ ते ५ दिवसांचं. लाँग आणि इव्हान्स यांनी १९२२ सालीच ते व्हजायनल स्मिअरवरून तपशिलात मांडलं. या ४-५ दिवसांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन वरखाली होतात, आणि गर्भाशयातले रिसेप्टर त्यांच्या तालावर बदलतात. इस्ट्रोजेन प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर वाढवतं. प्रोजेस्टेरॉन इस्ट्रोजेनचे रिसेप्टर कमी करतं. म्हणजे एकाच तरुण मादीत आज आणि परवा वेगळा आकडा येऊ शकतो. सकाळी आठचा कळवा आणि दुपारी दोनचा कळवा यांची तुलना करून ‘लोकवस्ती घटली’ म्हणण्यासारखं हे आहे.

म्हातारपणी काय होतं? वर्षभराच्या आसपास रॅट मादीचं चक्र अनियमित होऊ लागतं. मग अनेक माद्या ‘पर्सिस्टंट इस्ट्रस’मध्ये जातात: बीजमोचन होत नाही, इस्ट्रोजेन येत राहतं, प्रोजेस्टेरॉन मात्र चढत नाही. काही पुढे खोट्या गर्भारपणासारख्या अवस्थेत जातात, तिथे प्रोजेस्टेरॉन जास्त. शेवटी चक्र पूर्ण थांबतं. तेव्हा ‘२४ महिन्यांच्या ८ माद्या’ हा एक गट नाहीच. त्यात हॉर्मोनच्या दृष्टीने तीन वेगळ्या प्रकारच्या माद्या असू शकतात. स्मिअर न बघता त्यांची सरासरी काढली, तर तुम्ही मोजलं ते वय नाही, त्या दिवशीचं हॉर्मोन.

आणि म्हणूनच ‘रजोनिवृत्तीचं मॉडेल’ हा शब्द दिसला की सावध व्हा. बाईच्या अंडाशयातला बीजकोषांचा साठा जवळजवळ संपतो आणि इस्ट्रोजेन कोसळतं. रॅटमध्ये चक्र थांबायची सुरुवात मोठ्या प्रमाणात मेंदूच्या बाजूने होते. पेंग आणि हुआंग यांनी १९७२ साली म्हाताऱ्या रॅटची अंडाशयं तरुण माद्यांमध्ये बसवली, तर त्यातल्या काहींत चक्र पुन्हा सुरू झालं. तरुण अंडाशयं म्हाताऱ्या माद्यांत बसवली तर तसा फायदा झाला नाही. म्हणजे अंडाशय संपलं नव्हतं, त्याला हुकूम देणारं कार्यालय बिघडलं होतं. अशा प्राण्याच्या गर्भाशयातले रिसेप्टर मोजून थेट पन्नाशीतल्या बाईबद्दल बोलणं ही उडी फार लांब आहे.

यावर उपाय आहे का? आहे. दोन्ही वयांच्या माद्यांची अंडाशयं काढा, थांबा, दोघींना सारख्याच मात्रेत इस्ट्रोजेन द्या आणि मग रिसेप्टर मोजा. फरक तरीही उरला, तर तो आजच्या हॉर्मोनचा नाही असं म्हणता येईल. ज्या पेपरात हा प्रयोग आहे, त्याला माझ्याकडून बरेच गुण जास्त.

नरांत चक्र नसतं, म्हणून लोक नर निवडतात. पण तिथे जातीचा सापळा आहे. फिशर ३४४ जातीच्या जवळजवळ सगळ्या नरांत उतारवयात वृषणातल्या लायडिग पेशींच्या गाठी होतात. त्यांच्या वृषणातला बदल वयाचा म्हणायचा की गाठीचा? शिवाय तरुण गट म्हणजे किती तरुण? ३ महिन्यांचा रॅट नुकता कुठे प्रौढ झालेला असतो. ३ विरुद्ध २४ असे दोनच बिंदू घेतले तर वाढ संपणं आणि म्हातारपण सुरू होणं एकाच रेषेत मिसळतं. मधला, १२ महिन्यांच्या आसपासचा गट हवाच. घट ३ ते १२मध्येच झाली असेल आणि नंतर रेष सपाट असेल, तर ते म्हातारपण कसलं?

मग चांगलं काम कसं दिसतं?

नुसती नावं ठेवून थांबलो तर ती टीका अर्धी राहील. दोन उदाहरणं देते.

पहिलं, जॉन्स हॉपकिन्समधल्या झिर्किन आणि चेन यांच्या गटाचं. त्यांनी ब्राउन नॉर्वे जातीचे रॅट निवडले. का? कारण यांच्यात वयाबरोबर टेस्टोस्टेरॉन घटतं, पण पिट्यूटरीकडून येणारं एलएच घटत नाही आणि लायडिग पेशींची संख्याही घटत नाही. म्हणजे ‘हुकूम कमी झाला’ आणि ‘पेशी कमी झाल्या’ ही दोन्ही पर्यायी उत्तरं आधीच बाजूला झाली. उरलं एवढंच, की त्याच पेशी कमी काम करतात. मग १९९९ साली त्यांनी आणखी पुढचा प्रश्न विचारला. बाहेरून टेस्टोस्टेरॉन देऊन त्यांनी लायडिग पेशींचं स्वतःचं काम कित्येक महिने बंद ठेवलं. नंतर ते काढून घेतल्यावर या वयाने म्हाताऱ्या रॅटच्या पेशी तरुण पेशींच्या तोडीने टेस्टोस्टेरॉन बनवू लागल्या. कॅलेंडर पुढे सरकलं होतं, पेशी मात्र तशा म्हाताऱ्या झाल्या नव्हत्या. ‘वयामुळे’ या शब्दाचं इतकं चोख ऑपरेशन क्वचित बघायला मिळतं. वय हे कारण नाही, वय हा काळ आहे. त्या काळात काय घडलं ते कारण.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं, धीम्या लोकलने जाता येईल एवढं. परळची एनआयआरआरसीएच, म्हणजे आयसीएमआरची प्रजनन आणि बाल आरोग्यावर संशोधन करणारी संस्था, १९७० पासून या क्षेत्रात आहे. तिथल्या नफीसा बालसिनोर यांच्या गटाचं २०१६ सालचं काम वाचा. त्यांनी प्रौढ नर रॅटमध्ये इस्ट्रोजेनचे अल्फा आणि बीटा रिसेप्टर वेगवेगळ्या, निवडक औषधांनी चेतवले आणि शुक्रजंतू तयार होण्याच्या कोणत्या टप्प्यावर काय बिघडतं ते पाहिलं. दोन्ही रिसेप्टरची कामं सारखी नाहीत असं त्यातून पुढे आलं. हा वयावरचा अभ्यास नाही. पण वयावरच्या अभ्यासांत जे बरेचदा नसतं ते यात आहे: रिसेप्टर मोजून न थांबता त्याला हलवून बघणं. कारण संख्या निम्मी झाली म्हणजे काम निम्मं झालं असं नसतं. काही पेशींत थोडेसे रिसेप्टरही पूर्ण उत्तराला पुरतात; काहींत रिसेप्टर भरपूर असूनही पुढची साखळी तुटलेली असते. ज्या वय-पेपरात रिसेप्टरच्या आकड्यासोबत त्या रिसेप्टरने चालू होणारा एखादा जीन, अवयवाचं वजन किंवा पेशींचं विभाजन मोजलेलं नाही, तिथे चर्चेच्या भागातल्या मोठ्या वाक्यांना आधार नसतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं एका पेपरात कोण करतं? खरंय. एकाच पेपरात सगळं होत नाही, आणि व्हावं असं माझं म्हणणंही नाही. पण मग निष्कर्षही तेवढाच लिहावा. ‘या जातीच्या, या वयाच्या, चक्र न तपासलेल्या माद्यांच्या गर्भाशयात, दर मिलिग्रॅम प्रथिनामागे, या अँटीबॉडीने मोजलेला संकेत कमी आढळला.’ वाक्य रुक्ष आहे, पण खरं आहे. ‘वयामुळे रिसेप्टर घटले’ हे सुटसुटीत आहे, आणि तेच पुढच्या रिव्ह्यूत जातं, तिथून पुस्तकात, तिथून आपल्या नोट्समध्ये.

हे सगळं तुम्हाला आत्ताच का सांगतेय? कारण असा प्रकल्प निवडलात तर हिशेब क्रूर आहे. फेलोशिप ५ वर्षांची. रॅट म्हातारा करायलाच २ वर्षं लागतात. तोपर्यंत काही प्राणी आपणहून मरतात, उरलेले मुळात जास्त टणक असतात, म्हणजे तो गटही निवडलेला झाला. तिसऱ्या वर्षी कळलं की अँटीबॉडी भलतंच काही ओळखत होती, किंवा स्मिअर घेतलेच नव्हते, तर मागे जायला रस्ता नाही. आणि प्राणी प्रयोगांच्या समितीला आपण लिहून दिलेलं असतं, की एवढे प्राणी लागतील आणि त्यातून अमुक प्रश्नाचं उत्तर मिळेल. उत्तर मिळूच शकणार नाही अशा रचनेत ते प्राणी मारणं, हा माझ्या मते पद्धतीतला दोष नुसता नाही, नीतीतलाही आहे.

तेव्हा पुढचा असा पेपर हातात आला की आकृती बघण्याआधी पद्धतींचा भाग उघडा आणि कागदावर पाच गोष्टी लिहा: कोणती जात, किती वयाचे किती गट, त्या दिवशी हॉर्मोन काय होतं, छेदात काय आहे, आणि अँटीबॉडी खरी आहे हे कशावरून. पाचांपैकी जे सापडणार नाही, ते निष्कर्षाच्या वाक्यातून वजा करा. उरेल तेवढाच निष्कर्ष मुलाखतीत सांगा, आणि उद्या स्वतःचा सिनॉप्सिस लिहिताना हीच वजाबाकी आधी स्वतःच्या वाक्यावर करा.